पन्नासने भागायचे नाही

मी एक जुना ड्रॉइंग बोर्ड आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्या जातीचे कोणी पाहिलेही नसेल, म्हणून आधीच सांगतो. मी म्हणजे फिकट लाकडाची एक मोठी, गुळगुळीत फळी. लोखंडी स्टँडवर मला तिरपे बसवायचे, माझ्यावर कागद ताणून चिकटवायचा आणि त्या कागदावर पेन्सिलीने इमारतींचे नकाशे काढायचे, असा माझा धंदा होता. आता मी आडवा पडलो आहे, माझ्यावर एक संगणक बसला आहे आणि माझी गणती टेबलांत होते. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. संगणक गुणी आहे, आणि वजनालाही बेताचा आहे. माझे दुःख निराळे आहे. माझ्या उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीचा एक काळपट डाग आहे. नवीन झाडूवाली आली की आधी त्याच्यावर ओला फडका घेऊन धावते, पण तो डाग कोणी पुसू देत नाही. त्या डागाचीच ही गोष्ट आहे.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानामागच्या शेडमध्ये झाला. सुतार म्हातारा होता आणि कमालीचा चेंगट होता. त्याने सरळ रेषांचे लाकूड निवडले, ते सावलीत वाळत ठेवले, फळ्या एकमेकींना जोडल्या आणि पुढे कधी वाकू नये म्हणून माझ्या पाठीला आडव्या पट्ट्या ठोकल्या. मग डोळे मिटून तो माझ्यावरून तळवा फिरवीत बसे. कुठे केसाएवढा उंचवटा लागला की पुन्हा रंधा हातात. त्याची बायको दारातून म्हणायची, "पोटच्या पोरांच्या पाठीवरून कधी एवढा हात फिरवला नाहीत!" सुतार म्हणायचा, "पोरं आपोआप सरळ होतात. फळी होत नाही." त्यावर ती विचारायची, "झाली का पोरं सरळ?" मग सुतार रंधा मारायला लागायचा.

तिथून मी इमारतींचे नकाशे बनवणाऱ्या एका ऑफिसात आलो. लांबलचक हॉल, एका बाजूला ओळीने उंच खिडक्या आणि खिडक्यांसमोर माझ्यासारखे बोर्ड. ज्या दिवशी मी आलो त्याच दिवशी एक तरुण ड्राफ्ट्समनही कामावर रुजू झाले. ड्राफ्ट्समन म्हणजे नकाशे काढणारा कारागीर. त्यांनी बसण्याआधी खिशातून काटकोन तपासायचा गुण्या काढला, माझे चारी कोपरे तपासले आणि मान डोलावली. मलाही बरे वाटले. आपल्याला कोणीतरी पारखून घेतले की जीव लागतो. पुढे त्यांचे केस पांढरे होईपर्यंत आम्ही दोघे एकमेकांसमोरच होतो.

ऑफिसात त्यांना सगळे 'सरळकाका' म्हणत. रेघही सरळ आणि बोलणेही सरळ, म्हणजे समोरच्याच्या थेट नाकावर. ते नकाशा काढून झाला की एक गोष्ट न चुकता करीत. कागद सोडवून तो उलटा, डोके खाली पाय वर असा माझ्यावर ठेवीत आणि हाताची घडी घालून त्याच्याकडे बघत उभे राहत. ते म्हणत, सुलट्या कागदावर आपण काय काढले ते आपल्याला पाठ असते, म्हणून चूक दिसत नाही. उलट्या कागदावर ती आपण होऊन पुढे येते. दुसऱ्या कोणाचाही नकाशा असो, तो माझ्यावर उलटा पडल्याशिवाय आणि काका "बरोबर आहे" म्हणाल्याशिवाय ऑफिसाबाहेर जात नसे. त्या दोन शब्दांसाठी चांगली मोठी माणसे ताटकळत उभी राहिलेली मी पाहिली आहेत.

त्यांचा एक दोषही सांगितला पाहिजे, नाहीतर गोष्ट खोटी होईल. त्यांना कोणी काही विचारलेले खपत नसे. नवा माणूस आला आणि म्हणाला, "काका, ही रेघ जाड का?" की ते चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "डोळे कशाला दिलेत? बघ आणि शिक." ते स्वतः तसेच शिकले होते. शिकवणाऱ्याच्या पाठीमागे उभे राहून, एक अक्षर न विचारता. त्याचा त्यांना मोठा अभिमान होता.

शेजारच्या बोर्डावर ट्रेसरताई बसत. काकांनी पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून तो शाईने गिरवायचा, हे त्यांचे काम. त्या वयाने काकांच्याच बरोबरीच्या, पण स्वभावाने दुसरे टोक. दिवसभर त्यांचे चाललेलेच असे, ही रेघ कुठवर न्यायची, हे ठिपके की माशी बसली होती, इथे खिडकी आहे की तुमचा हात हलला? काका वैतागत. एकदा म्हणाले, "ताई, उद्या श्वास कसा घ्यायचा तेही विचाराल."

"विचारीन की," ताई म्हणाल्या. "कुणी माझ्यापेक्षा चांगला घेत असेल तर का नाही विचारायचं?"

त्या काळात ऑफिसच्या मालकांची, म्हणजे साहेबांची, लहान मुलगी शाळा सुटली की ऑफिसात येई आणि माझ्या खाली घर मांडून बसे. एकदा तिने माझ्या पाठीवर खडूने एक मांजर काढले. मांजराला मिशा पाच होत्या, एकीकडे तीन आणि एकीकडे दोन. शिपाई ते पुसायला धावला, तेव्हा काका म्हणाले, "राहू दे रे. वर थोडंच काढलंय?" हे एवढे लाड त्यांनी दुसऱ्या कोणाचे केलेले मला आठवत नाहीत.

असे आमचे दिवस गेले. शाळा, पाण्याच्या टाक्या, पूल, दवाखाने, सगळे आधी माझ्या अंगावर उभे राहिले आणि मग जमिनीवर. मला वाटे, हे असेच चालायचे.

मग संगणक आले. साहेब थकले होते आणि त्यांची ती मुलगी आता कामकाज बघत होती. सगळे तिला धाकट्या बाई म्हणत. एकेक करून माझी भावंडे स्टँडवरून उतरली आणि जिन्यावरून खाली गेली. पुन्हा कधी त्यांची गाठ पडली नाही. काका म्हणाले, "बाई, माझा तेवढा राहू द्या. हाताखाली सवयीचा आहे." धाकट्या बाई म्हणाल्या, "राहू दे ना काका, त्यात काय विचारायचं?" म्हणून काकांचा संगणक एका लहान टेबलावर माझ्या उजव्या बाजूला काटकोनात बसला आणि मी जागच्या जागी राहिलो.

सगळ्यांना शिकवायला बाहेरून एक गृहस्थ दोन दुपारी आले. ते इतके भरभर बोलत की ऐकणाऱ्याला धाप लागावी. दुसऱ्या दिवशी शेवटी त्यांनी विचारले, "काही शंका?" तरुण मंडळी ही विद्या आधीच शिकून आली होती, त्यांना शंका नव्हत्या. ट्रेसरताईंचा हात वर गेला. सरळकाकांनी कपाळाला हात लावला.

"झालं! ताईंच्या शंका संपेपर्यंत माझा चहा होईल," असे म्हणून ते उठले आणि बाहेर गेले.

ताई उभ्या राहिल्या. "मी आपली जुनी बाई म्हणून विचारते. एकास पन्नासचा नकाशा असला तर माप कसं टाकायचं? पन्नासने भागून ना?"

मित्रांनो, हे नीट समजून घ्या. खरी भिंत कागदावर मावत नाही, म्हणून ती लहान करून काढतात. पन्नास पटींनी लहान केली की तीन मीटरची भिंत कागदावर सहा सेंटिमीटरची होते. काकांकडे त्यासाठी एक तीनधारी पट्टी होती. तिच्यावर खुणाच अशा आखलेल्या होत्या की हिशेब करावाच लागत नसे. ताईंना वाटले, इथे पट्टी नाही, तर भागाकार करावा लागत असेल.

"नाही, नाही," ते गृहस्थ म्हणाले. "भागायचं नाही. भिंत तीन मीटरची, तर तीन मीटरच टाका. लहान करायचं काम मशीन करतं, छापताना."

"म्हणजे खरं माप?"

"खरं माप."

"पुन्हा एकदा सांगा हो."

कोणीतरी हसले. त्यांनी पुन्हा सांगितले. मग काका मिशा पुसत आत आले आणि म्हणाले, "संपल्या का शंका?"

"आजच्या संपल्या," ताई म्हणाल्या.

मी ते सगळे ऐकले होते. पण फळीला तोंड कुठे असते?

पहिल्या आठवड्यात काकांनी आपली तीनधारी पट्टी संगणकाच्या काचेवर ठेवून रेघ मोजायचा प्रयत्न केला. समोरच्या तरुण इंजिनिअरला हसू आवरेना. तो वाईट नव्हता, वयच तसे होते. काकांनी पट्टी खणात ठेवली ती पुन्हा काढली नाही. त्या दिवसापासून ते भागाकार करू लागले. प्रत्येक भिंत, प्रत्येक दार, प्रत्येक खिडकी पन्नासने भागायची आणि येईल तो आकडा संगणकात टाकायचा. कागद शोधायचा कंटाळा, म्हणून माझ्या कोपऱ्यावरच पेन्सिलीने भागत आणि खोडरबराने पुसत. काळे व्हायचे, पुसायचे, पुन्हा काळे व्हायचे. त्या पेन्सिलीचे टोक मला रोज टोचत होते आणि मला रोज ओरडावेसे वाटत होते की काका, नको, ते सांगून गेले आहेत, भागायचे नाही!

छापून आलेला कागद मात्र ठीक दिसे, कारण यंत्र तो कागदाच्या मापात बसवून देई आणि मापांचे आकडे काका हाताने लिहीत. त्यामुळे कोणाला काही कळण्याचा प्रश्नच नव्हता. कळत होते ते एवढेच, की काकांना फार वेळ लागतो. ताई दोन नकाशे करून तिसऱ्याला हात घालीत तेव्हा काकांचा पहिलाच चाललेला असे. भिंतीवर एक तक्ता लागला होता, कोणी महिन्यात किती काम केले याचा. त्यात काकांचा रकाना सगळ्यात बुटका होता. येणारे जाणारे तक्ता बघत, मग काकांच्या पांढऱ्या केसांकडे बघत, आणि त्यांना कारण सापडे.

काकांनी मग पडदा भिंतीकडे वळवला, कोणाला दिसू नये म्हणून. एकच सवय त्यांना सोडवेना. नकाशा झाला की तो उलटा बघायचा. पडद्यावरचा कागद कसा उलटवायचा ते त्यांना माहीत नव्हते, म्हणून ते स्वतःच कमरेत वाकत आणि मान उलटी करून बघत. चष्मा घसरे, चेहरा लाल होई. हे उलटे करता येते का, एवढे कोणाला विचारले असते तर चिमूटभर काम होते. पण ज्यांनी जन्मभर "डोळे कशाला दिलेत" म्हटले, ते कोणाला विचारणार?

एक दिवस धाकट्या बाई स्वतः आमच्यापाशी आल्या.

"काका, बसा ना."

"उभाच बरा आहे."

"प्रसूतिगृहाचं काम आलंय. त्याचा जिना तुम्ही करा. जमलं तर प्रश्नच मिटला." त्यांनी माझ्या कडेवर बोट फिरवले. "नाही जमलं तर… रेकॉर्डरूमला कोणी माणूस नाहीये. पगारात काही फरक पडणार नाही."

"पगाराचं नाही हो बाई," काका म्हणाले. "नकाशा काढायचं थांबेल ना."

"कशात अडतंय का तुमचं? अडलं तर सांगा मला."

"अडत काही नाही. जरा वेळ लागतो, एवढंच."

बाई थोडा वेळ थांबल्या. मला वाटते, त्यांना आणखी काही ऐकायचे होते. मग फोन आला आणि त्या गेल्या.

काकांनी त्या जिन्यासाठी जिवाचे रान केले. सगळ्यांच्या आधी येत, डबा तसाच घरी परत नेत. पायरीची रुंदी भागली, उंची भागली, कठडा भागला. माझा कोपरा तव्यासारखा काळा झाला. आणि खरे सांगतो, जिना देखणा झाला होता. अवघडलेल्या बाईला दम लागू नये म्हणून पायऱ्या बेताच्या, मध्ये टेकायला ऐसपैस जागा. त्यांनी वाकून, मान उलटी करून तो पाहिला आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे तुकडे जोडून अख्खी इमारत भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावली. खोल्या आल्या, वऱ्हांडे आले. जिना आला नाही.

"जिना कुठाय?" धाकट्या बाईंनी विचारले.

तरुण इंजिनिअर चित्र मोठे करत गेला, आणखी मोठे, आणखी मोठे. मग इमारतीच्या एका कोपऱ्यात एक ठिपका दिसला, आणि तो ठिपका म्हणजे काकांचा जिना होता. बाकीच्यांनी खऱ्या मापाने काढले होते, काकांनी पन्नासने भागून.

"काका," तो म्हणाला, "हा जिना काय मुंग्यांच्या बाळंतपणाला?"

हॉल हसून हसून लोळायचा बाकी राहिला. काकाही हसले. इतकी वर्षे मी त्यांचे हसणे ओळखत होतो, हे त्यांचे नव्हते. ताई हसल्या नाहीत. धाकट्या बाईही हसल्या नाहीत. इंजिनिअर म्हणाला, "राहू द्या, मी नवीन काढतो," आणि त्याने संध्याकाळच्या आत काढला. पण हे असे झाले कसे, हे कोणीही विचारले नाही. वय झाले की असे होते, अशीच सगळ्यांची समजूत होती आणि काकांचीही.

ऑफिस सुटायच्या वेळी धाकट्या बाई येऊन एवढेच म्हणाल्या, "काका, सोमवारपासून रेकॉर्डरूम बघाल ना?" आणि उत्तराची वाट न बघता गेल्या. त्यांचा आवाज चांगला नव्हता.

सगळे गेल्यावर ताई स्टूल ओढून काकांजवळ बसल्या.

"मला एक भिंत काढून दाखवा."

"आता कशाला? पोटभर हसून झालंय सगळ्यांचं."

"मी हसले का?"

काकांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांनी तीन मीटरची भिंत काढायला घेतली. पेन्सिल उचलली, माझ्या कोपऱ्यावर वाकले आणि लिहिले, तीन हजार मिलिमीटर भागिले पन्नास, साठ. पुसले. बटणांवर साठचा आकडा दाबला.

"हे काय केलंत?" ताईंनी विचारले.

"काय म्हणजे? भागलं."

"का?"

"का म्हणजे काय ताई! एकास पन्नासचा नकाशा आहे. भागायला नको?"

ताईंनी माझा काळा कोपरा पाहिला. त्यांचा हात आपोआप तोंडाकडे गेला. "अहो काका, भागायचं नसतं. तीन मीटर तर तीन मीटर. खरं माप."

"खरं माप?"

"प्रत्येक रेघेला भागत होतात?"

"प्रत्येक. दारं, पायऱ्या, कठडा… नळाच्या जागासुद्धा."

काकांनी तीन हजार टाकले. भिंत उभी राहिली. दुसरी टाकली, तिसरी टाकली. बघता बघता एक खोली झाली, दाराखिडक्यांसकट. त्या हातांचा झरझर चालणारा तो वेग मी कितीतरी दिवसांनी पाहिला. काका मोठ्याने हसू लागले आणि हसता हसता ते हसणे मोडले. त्यांनी कपाळ माझ्यावर टेकवले. मी ओला झालो. शाई सांडून मी पूर्वी कितीदा तरी ओला झालो होतो, पण त्या संध्याकाळी मला जे वाटले ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत.

"तुम्हाला हे कधी कळलं?" त्यांनी मान वर न करता विचारले.

"पहिल्याच वेळी. शिकवायला आले होते ना, त्यांना विचारलं मी. तेव्हा तुम्ही…" ताई थांबल्या.

"मी चहाला गेलो होतो," काका म्हणाले.

थोड्या वेळाने ताई उठल्या. "चला, बाई अजून खाली गाडीत बसल्या नसतील. त्यांना सांगू."

"नको."

"अहो, पण एवढीशी गोष्ट!"

"एवढीशी आहे म्हणूनच नको. मोठी असती तर सांगितली असती." त्यांनी रुमालाने चष्मा पुसला. "आख्खं आयुष्य लोकांना डोळे कशाला दिलेत म्हणालो. आता कुठल्या तोंडाने सांगू, की पन्नासने भागत होतो म्हणून? शपथ आहे ताई तुम्हाला. कुणाजवळ बोलायचं नाही."

ताईंनी पुष्कळ समजावले. काका म्हणजे काका. शेवटी ताई डोळे पुसत घरी गेल्या.

सोमवारी मला स्टँडवरून उतरवले. माणसांनी मला उचलून उलटे केले तेव्हा पाठीवरचे मांजर वर आले, पुसट झालेले, पण पाचही मिशा शाबूत. धाकट्या बाई तिथेच होत्या. त्या मांजराकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "हा बोर्ड काकांबरोबरच जाऊ दे." म्हणून मी रेकॉर्डरूममध्ये आलो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. ती खोली जुन्या नकाशांच्या गुंडाळ्यांनी भरलेली होती. काकांनी त्या सगळ्या झटकल्या, लावल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या. मग करायला काही उरले नाही. ते पेन्सिलींना टोक काढीत. काढलेले टोक वापरायला काही नसे, म्हणून दुसरी पेन्सिल घेत. नोकरी संपेपर्यंतची वर्षे अशी गेली.

निरोपाच्या दिवशी काकू आल्या होत्या. चहा झाल्यावर त्या ताईंना म्हणाल्या, "यांना शेवटी वेगळं खातं दिलं होतं ना? घरी सांगायचे, सगळं रेकॉर्ड माझ्याच हाताखाली आहे म्हणून." ताईंनी काकांकडे पाहिले. काका खिडकीबाहेर बघत होते. "हो तर," ताई म्हणाल्या. "यांच्याशिवाय कुणालाच काही सापडायचं नाही."

काका निवृत्त झाल्यावर मात्र ताईंच्याने राहवेना. त्यांनी शपथ मोडली आणि धाकट्या बाईंना सगळे सांगितले. बाई रेकॉर्डरूममध्ये आल्या, माझ्यासमोर उकिडव्या बसल्या आणि माझ्या कोपऱ्यावर बोटे ठेवून किती वेळ तशाच बसून राहिल्या. "मी विचारलं होतं त्यांना," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "एकदाच विचारलं."

त्यानंतर ऑफिसात एक वर्ग सुरू झाला. दुसऱ्या ऑफिसांतले उतारवयाचे कामगारही तिथे येतात. शिकवतात ट्रेसरताई; स्वतः निवृत्त झाल्यावरही त्या त्यासाठी येतात. त्या वर्गासाठी मला दोन लाकडी घोड्यांवर आडवे टाकले आणि माझ्यावर संगणक ठेवला. डाग पुसायचा नाही, असा बाईंचा हुकूम आहे. ताई नावगाव सांगत नाहीत. डागावर बोट ठेवून एवढेच म्हणतात, "आमच्याकडे एक फार चांगले कारागीर होते. त्यांना एक गोष्ट कुणी सांगितली नाही. आता विचारा काय विचारायचं ते. तेच तेच विचारा." आणि लोक विचारतात.

एकदा सरळकाका कसल्याशा सहीसाठी ऑफिसात आले आणि परत जाताना या दारात थबकले. बरेच वाकले होते. आत एक पिकल्या केसांच्या बाई तीच शंका तिसऱ्यांदा विचारत होत्या आणि ताई तिसऱ्यांदा सांगत होत्या. वर्ग संपला, लोक गेले. काका आत आले. त्यांनी मला ओळखले, पण आधी मान खाली घातली. मग माझ्या कोपऱ्यावर हात ठेवला. खिशात अजूनही खोडरबर होते. ते काढून ते डाग पुसू लागले.

"राहू द्या," ताई म्हणाल्या. "त्याच्यामुळे लोकांना विचारायला धीर येतो."

काकांचा हात थांबला. खोडरबर पुन्हा खिशात गेले. पडद्यावर कोणीतरी काढलेला एक जिना तसाच होता. काका त्याच्याकडे बघत राहिले. कमरेत वाकायला गेले, पण वाकवेना.

"ताई," ते म्हणाले. "एक विचारू का?"

इतक्या वर्षांत हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. ताईंनीही नव्हते. त्यांनी नुसती खुर्ची पुढे केली.

"हे उलटं करून कसं बघायचं?"

ताईंनी त्यांचा हात धरून दाखवले. दोन बटणे, बस्स. जिना अलगद फिरला आणि डोके खाली पाय वर झाला. काकांनी हाताची घडी घातली आणि पूर्वीसारखे बघत राहिले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "एवढंच होतं होय?"

"एवढंच होतं," ताई म्हणाल्या.

पुढच्या वर्गाला येतो म्हणून गेले. ताईंनी त्यांच्यासाठी माझ्याजवळची खुर्ची दोन वेळा मोकळी ठेवली. तिसऱ्या वेळी काकूंचा फोन आला, आणि त्या दिवशी वर्ग झाला नाही.

मित्रांनो, मी लाकूड आहे, मला फार कळत नाही. पण तुमच्या घरात, तुमच्या ऑफिसात कोणी कामात मागे पडताना दिसले, तर त्याच्या केसांचा रंग बघून निकाल देऊ नका. त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसा आणि एक भिंत काढून दाखवायला सांगा. कदाचित तो पन्नासने भागत असेल. आणि तुम्ही स्वतः अडलात, तर चहाला जाऊ नका, विचारा. मला सगळे माहीत होते आणि सांगता आले नाही, कारण मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.